मांडव उतरला म्हणजे ऑर्डर संपली असं नाही

लग्नाचा मांडव उतरवून टेम्पो गोडाऊनला आला, की पोरं सामान रचून मोकळी होतात आणि ऑर्डर संपली असं आपण मांडववाले धरून चालतो. खरं तर मोजणी मंगल कार्यालयातच, टेम्पोत चढवण्याआधी आणि पार्टीच्या, म्हणजे गिऱ्हाइकाच्या, माणसासमोर व्हायला हवी. सामान जाताना केलेल्या चलनावरच, म्हणजे सामानाच्या यादीवरच, परतीचा आकडा लिहून त्याची सही घ्या. खुर्च्या सहसा हरवत नाहीत. गायब होतात ते डाव, झारे, पातेल्यांची झाकणं आणि चौरंग. म्हणून सगळ्यात आधी स्वयंपाकाची बाजू मोजा. आचारी निघून गेला की झारा कुणाकडेच नसतो!

कापड वेगळं काढा. ओली झालर किंवा सतरंजी घडी करून ठेवली तर पावसाळ्यात तिला बुरशीचे काळे डाग पडतात आणि ते धुतल्यावरही पुरते जात नाहीत. घडी उलगडून आधी वाळत घाला, नोंद नंतर करा.

तुटफुटीचे दर बुकिंगच्या पावतीवरच छापलेले असले की वाद होत नाही. वजावट करायची असेल तर फोटोसह लगेच कळवा आणि उरलेलं डिपॉझिट त्याच बैठकीत परत द्या. जीएसटीत परत करायचं डिपॉझिट मोबदला धरलं जात नाही, पण तेच बिलात वळतं केलं की धरलं जातं. त्यामुळे दोन्ही रकमा वहीत वेगळ्या दाखवा. बाकी वसुली शक्यतो त्याच आठवड्यात करा. पाहुणे पांगले की यजमानही फोन उचलत नाहीत.