डोंगरात अडकलात तर एक रात्र काढता येईल अशी दीड किलोची पिशवी

ही पाठीवरच्या मोठ्या सॅकची यादी नाही. सॅक खाली ठेवली, तरी अंगावर राहते त्या लहान पिशवीबद्दल मी लिहितेय.

जुन्नरमध्ये आमचं औषधांचं दुकान आहे. चावंड, हडसर, जीवधन, नाणेघाट, दुर्ग-ढाकोबा हे सगळे किल्ले, घाट, डोंगर आमच्याच तालुक्यातले. शनिवारी सकाळी ट्रेकला निघालेली मुलं दुकानासमोर गाडी थांबवून बँडेज आणि ओआरएस घेतात. कित्येकांच्या मोबाइलवर सर्व्हायव्हल किटची इंग्रजी यादी असते. वाचली की कळतं, ती परदेशातल्या शिकाऱ्यांसाठी केलेली आहे: चकमक, ससे धरायचे फासे, मासेमारीचा गळ, हातभर सुरा. तिकडे जंगलात आठवडा काढावा लागत असेल. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड असो की भीमाशंकर, अभयारण्यात फासा लावणंही गुन्हा आणि आग पेटवणंही गुन्हा. शिवाय त्यातलं काही लागतही नाही. सह्याद्रीत वाट चुकलेल्या माणसाला बहुतेक वेळा खाली गावातले दिवे दिसत असतात. पोट भरायची चिंता नसते. चिंता असते ती पाय मुरगळल्यावर, धुक्यात वाट हरवल्यावर, ओढा चढल्यावर उजाडेपर्यंत एका जागी धड बसून राहण्याची. रात्री दिव्यांच्या दिशेने सरळ खाली उतरायला जातात आणि मग कड्याच्या तोंडाशी येऊन पोचतात, तिथे माणसांचे जीव जातात.

म्हणून या पिशवीचं काम एकच: थांबता आलं पाहिजे. थांबायला जे लागत नाही ते पिशवीत नको.

पिशवी अंगावर का, तेही सांगते. जीवधनच्या कातळात चढताना सॅक दोरीने वर ओढून घेतात. पाण्याच्या टाक्याशी सॅक खाली ठेवून माणूस 'जरा पुढे बघून येतो' म्हणून जातो. नेमकं तेव्हाच धुकं उतरतं आणि सगळं सामान त्या सॅकमध्ये राहतं. माझी पिशवी जुन्या रेनकोटच्या कापडाची आहे, शिंप्याकडून शिवून घेतलेली. कमरेला पट्टा आणि छातीवरून एक तिरका बंद, म्हणजे कातळाला घासत नाही. आत कापडाचा एक भगवा चौकोन शिवलाय, पिशवी उलटी केली की लांबून दिसतो. विकतचा कमरेचा पाऊच असेल तर तोही चालेल, फक्त साखळी (चेन) जाड हवी. भरलेली पिशवी दुकानातल्या काट्यावर ठेवते. पाणी सोडून दीड किलोच्या वर काटा गेला की काहीतरी बाहेर काढते, कारण जड झालेली पिशवी माणूस तिसऱ्या ट्रेकला घरी ठेवून जातो.

ऊब

लोक हसतात, पण जुलैत ढाकोबाच्या पठारावर थंडीने माणूस गारठून आजारी पडू शकतो. तापमान फार खाली जात नाही. ओले कपडे आणि वारा मिळून अंगातली ऊब ओढून घेतात. हुडहुडी भरते, मग बोलणं अडखळतं, बोटांना गाठ सुटत नाही, आणि त्याच्याही पुढे गेलं की हुडहुडी थांबते. ती थांबली म्हणजे बरं वाटतंय असं समजू नका, ते धोक्याचं लक्षण आहे.

यावर माझ्या पिशवीत चार वस्तू आहेत. एक पॉलिस्टरचा कोरडा टी-शर्ट, झिपच्या पिशवीत हवा काढून दाबलेला. सुती नको, सुती ओला झाला की वाळत नाही. एक लोकरीची कानटोपी. एक चंदेरी इमर्जन्सी पिशवी: चादर मिळते तीही चालते, पण पिशवी वाऱ्याने उडत नाही. आणि कचऱ्याची सगळ्यात मोठी, जाड काळी पिशवी. या चौघांत मला सगळ्यात जास्त भरवसा काळ्या पिशवीचा.

ती वापरायची रीत घरी एकदा करून बघा. पिशवीच्या बंद बाजूच्या एका कोपऱ्याला, तळाच्या मधोमध नाही, चेहरा बाहेर येईल एवढंच भोक पाडायचं. ओला शर्ट काढून कोरडा घालायचा, कानटोपी चढवायची, चंदेरी पिशवीत कमरेपर्यंत शिरायचं आणि मग काळी पिशवी डोक्यावरून ओढून घ्यायची. कोपऱ्याला भोक असल्यामुळे पिशवीची कड कपाळावर येते आणि पाऊस तोंडावर न येता बाजूने जातो. गुडघे छातीशी. बुडाखाली रिकामी सॅक, दोर, करवीचा पाला, जे असेल ते, पण उघड्या कातळावर बसायचं नाही. जमीन वाऱ्याएवढीच ऊब खाते. तोंड आणि नाक कायम बाहेर हवं, प्लास्टिकने चेहरा झाकून झोपणं जिवावर बेतेल. दोघं असाल तर पाठीला पाठ लावून बसा.

काडेपेटी मी नेत नाही. एक साधा लायटर असतो, तोही अभयारण्याबाहेरच्या मुक्कामासाठी. पावसाळ्यात ओली करवी पेटत नाही आणि उन्हाळ्यात एक ठिणगी अख्खा डोंगर जाळते.

पाणी आणि मीठ

मार्च ते मे हा दुसरा टोकाचा काळ. वैशाखऱ्याकडून नाणेघाट चढणाऱ्याला अकरानंतर सावली शोधावी लागते. माणशी तीन ते चार लिटर पाणी सॅकमध्ये हवंच. पिशवीत मात्र एक लिटरची थंड पेयाची रिकामी बाटली चेपून ठेवते. स्टीलची बाटली रिकामी असतानाच जड लागते. ही जवळजवळ बिनवजनाची, आणि लिटरचं माप हातात राहतं.

माप हवंच, कारण ओआरएस. मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असते. पाणी वाचवायचं म्हणून अर्ध्या लिटरमध्ये अख्खी पुडी टाकली तर मीठ-साखर दाट होते, आणि थकलेल्या माणसाला ती बाधते. लहान पुड्या २०० मिलीच्या मिळतात, त्या ट्रेकला सोयीच्या. घेताना पुडीवर 'जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र' असा उल्लेख बघून घ्या. फळांच्या चवीची खोक्यातली गोड पेयं दिसायला तशीच असतात, पण ती ओआरएस नव्हेत. दुकानात मी ग्राहकाच्या हातातून खोकं काढून पुडी ठेवते, त्याला राग आला तरी.

किल्ल्यावरच्या टाक्यातलं पाणी आधी पंच्याने गाळा, मग क्लोरीनची गोळी. गोळीचं माप पट्टीवर लिहिलेलं असतं, त्याप्रमाणे टाकून निदान अर्धा तास थांबायचं. पंचा हा माझ्या यादीतला लाडका: गाळणी, डोक्याला फडकं, मोडक्या हाताची झोळी, सगळं तोच.

खाण्यासाठी राजगिऱ्याच्या वड्या आणि बिया काढलेला खजूर, मिळून पावशेर. तिखट-खारं फरसाण नको, तहान वाढते.

उजेड आणि आवाज

डोक्याला बांधायची बॅटरी आणि दुसरी एक बोटभर टॉर्च. पिशवीत दाबली जाऊन बॅटरी आपोआप चालू होते आणि गरजेला सेल संपलेले निघतात. त्यावर साधा उपाय: एक सेल उलटा घालून ठेवायचा. जास्तीचे सेल सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यात, म्हणजे ओले होत नाहीत.

शिट्टी आत मणी नसलेली घ्या. मणी ओला होऊन अडकतो. ती पिशवीत ठेवायची नाही, पट्ट्याला बाहेर बांधायची. डोंगरातल्या संकटाची आंतरराष्ट्रीय खूण अशी आहे: एका मिनिटात सहा वेळा शिट्टी, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. ऐकू आली असं सांगायला समोरचा मिनिटात तीन वेळा वाजवतो. टॉर्चनेही हाच हिशोब. ओरडून घसा एका तासात बसतो, शिट्टी रात्रभर वाजते. दरीत आवाज घुमतो आणि शोधणाऱ्यांना दिशा कळत नाही, म्हणून एकदा शिट्टी वाजवायला सुरुवात केली की जागा बदलायची नाही.

मोबाइल चढाई सुरू करतानाच एअरप्लेन मोडवर टाका. रेंज शोधण्यातच बॅटरी जाते. जीपीएस त्या मोडमध्येही चालतं, नकाशा मात्र घरीच उतरवून घ्यायला हवा. अडकलात तर गटातला एकच फोन चालू, बाकीचे बंद. ११२ला फोन लावा, तुमच्या सिमची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून तो लागू शकतो. फोन लागत नसेल तिथे एसएमएस कधीकधी निघून जातो. त्यात कितीजण आहात, कोणाला काय झालंय, नकाशावरचे अक्षांश-रेखांश आणि बॅटरी किती टक्के, एवढंच लिहा. लहान पॉवरबँक आणि वीतभर वायर पुरते.

औषधाची डबी

'ताई, सापाचं इंजेक्शन मिळेल का? ट्रेकला न्यायचंय,' असं विचारणारा मुलगा दर पावसाळ्यात येतो. मिळत नाही, आणि मिळालं तरी नेऊ नका. प्रतिविष शिरेतून, सलाइनमधून, डॉक्टरांच्या नजरेखाली देतात. त्याचीच जबर रिअॅक्शन येऊ शकते. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांपैकी काहीही चावलं तरी डोंगरावर करायचं तेच: अंगठी, घड्याळ, कडं काढायचं कारण सूज चढते, हातपाय काठी आणि पंच्याने हलणार नाही असा बांधायचा, किती वाजता चावलं ते लिहायचं, माणसाला चालवायचं नाही, उचलून खाली न्यायचं आणि १०८ला गाडी बोलवायची. ब्लेडने कापणं, चोखणं, घट्ट दोरी आवळणं यांतलं काहीही करू नका.

डबीत असतं ते एवढं: १० सेंटीमीटरचं क्रेप बँडेज, त्रिकोणी बँडेज, गॉझ, चिकटपट्टी, पोव्हिडोन आयोडीनची लहान ट्यूब, काट्यासाठी चिमटा आणि सेफ्टी पिना, पॅरासिटामॉल, अॅलर्जीसाठी सेट्रिझिन, आणि रोजची गोळी असेल तर दोन दिवसांची जास्त. दुखण्यावर डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन नेणारे खूप. उन्हात पाणी कमी पडलेल्या शरीरात या गोळ्या मूत्रपिंडाला त्रास देतात, डोंगरावर पॅरासिटामॉलच बरी. सेट्रिझिनने पेंग येते, ती घेऊन कातळटप्पा उतरू नका.

गोळ्यांची पट्टी कापताना नाव आणि मुदत छापलेली बाजू शिल्लक ठेवा. अर्धी पट्टी हातात आहे, गोळी पांढरी आहे, आणि ती कशाची हे रात्री दोन वाजता कोणालाच आठवत नाही.

आग्या मोहोळ हे किल्ल्यांवरचं खरं भय. धूर, उग्र अत्तर, आरडाओरडा यांनी माश्या उठतात. एक डंख बसला की त्याच्या वासाने बाकीच्या तिथेच येतात, म्हणून काटे काढत उभं राहायचं नाही. तोंड झाकून आधी लांब जायचं, पण धावताना कड्याचं भान ठेवायचं. काटे नंतर नखाने खरवडून काढायचे. पिशवीत डोक्यावरून घ्यायची मच्छरजाळी ठेवते, वजन जेमतेम मुठीएवढ्या कापसाचं. ज्यांना माशीच्या डंखाने पूर्वी श्वास लागलाय किंवा चेहरा सुजलाय त्यांनी ट्रेकआधी डॉक्टरांना भेटून अॅड्रेनालिनच्या इंजेक्शनबद्दल विचारावं. ते माझ्या डबीतल्या सेट्रिझिनचं काम नाही.

उरलेलं थोडक्यात. बोटभर पात्याचा चाकू. सहा मीटर बारीक दोरी, बांधाबांधीसाठी, तिच्यावर माणसाचा भार कधीही टाकायचा नाही. पेन्सिल आणि कागद. नाव, रक्तगट, घरचा नंबर लिहून लॅमिनेट केलेला कागद. आणि सुटे पैसे: घाटघर किंवा आंबे गावात रेंज नसताना जीपवाल्याला यूपीआय करता येत नाही.

पिशवी वर्षातून दोनदा सतरंजीवर उलटी करायची, एकदा मृगाआधी आणि एकदा दिवाळीत. सेल, गोळ्या, ओआरएस यांच्या तारखा बघायच्या, खजूर खाऊन टाकून नवा भरायचा, शिट्टी वाजवून बघायची. चंदेरी पिशवी घडीवर फाटू लागते, ती उजेडात धरून तपासायची.

आणि निघताना पायथ्याच्या गावात कोणाला तरी, दुकानदार, पुजारी, हातपंपावरची मावशी, कुठल्या वाटेने जातोय, कितीजण आहोत आणि किती वाजेपर्यंत उतरणार ते सांगून जा. गाडी तिथेच लावली असेल तर काचेआड तेच कागदावर लिहून ठेवा. खाली आलात की त्यांना 'आलो' म्हणून सांगायला विसरू नका, नाहीतर गावकरी रात्री कंदील घेऊन तुम्हाला शोधायला वर जातात.