रूम सांगलीत बघू का मिरजेत? नवीन येणाऱ्यांसाठी थोडं

ॲडमिशन झालं किंवा जॉब लागला की हाच प्रश्न पहिला येतो. मी शिकायला सांगलीत होतो, आता मिरजेत एका हॉस्पिटलच्या लॅबमधे आहे आणि राहतो पण मिरजेतच, म्हणून दोन्हीकडचं सांगतो. कागदावर १९९८ पासून सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एकच महापालिका आहे, पण राहायला लागलं की दोन गावं वेगळीच.

माझं मत विचाराल तर आधी स्वतःचं गाव कुठल्या अंगाला आहे ते बघा. जत, कवठेमहांकाळ, अथणी, कागवाड इकडचे असाल तर एसटी आधी मिरजेत येते, मग सांगलीत रूम घेऊन दर शनिवारी बॅग घेऊन उलटं मिरजेला कशाला यायचं? इस्लामपूर, तासगाव, विट्याकडच्यांना सांगली सोपी. रेल्वेनं जाणाऱ्यांना मिरज जंक्शनला तोड नाही, पुणे, कोल्हापूर, बेळगाव-हुबळी आणि पंढरपूर-कुर्डुवाडी अशा चारी बाजूंना लाईन जाते. फक्त पुण्या-मुंबईकडंच जायचं असेल तर सांगली स्टेशनवरनं पण बऱ्याच गाड्या मिळतात, तेवढ्यासाठी मिरज नको.

कॉलेजचं म्हणाल तर वालचंद आणि विलिंग्डन दोन्ही सांगलीच्या विश्रामबागला, क्लास, अभ्यासिका, मेस, कॉट बेसिसच्या रूम सगळं त्याच पट्ट्यात. त्यामुळे तिथं गर्दी पण तेवढीच आणि जून-जुलैत मालक लोक भाव खातात. मेडिकल, नर्सिंग, लॅबवाल्यांनी मात्र सरळ मिरज बघावी. शासकीय मेडिकल कॉलेज तिथं आहे, हॉस्पिटलं तर गल्लोगल्ली, कर्नाटकातनं पेशंट येतात, त्यामुळं थोडं कन्नड कानावर पडतंच आणि पडलेलं उपयोगीच येतं. नाईट शिफ्ट संपवून सांगलीला जायचं म्हणजे वडापची शेअर गाडी भरायची वाट बघत बसायचं, दिवसा काही वाटत नाही पण झोप डोळ्यावर असताना ते नको होतं. कुपवाड एमआयडीसीत लागलेल्यांनी दोन्ही शहरांचा नाद सोडून आधी कुपवाडमधेच विचारून बघावं, टू-व्हीलर असेल तर विश्रामबाग पण चालतं.

आता महत्त्वाचं, पाणी. नळाचं नाही, कृष्णेचं. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पातळी मोजतात, ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका, आणि २०१९ ला ती ५७ फुटांच्या वर गेली होती. गावभाग, मारुती चौक, स्टेशन रोड, शामरावनगर ही नावं ज्यानं २००५, २०१९, २०२१ बघितलंय त्याला सांगायला नकोत. नेमक्या ह्याच भागात रूम स्वस्त आणि चांगली दिसते, बाजार जवळ, सगळं जवळ, आणि एजंट पुराचं अवाक्षर काढत नाही. तुम्ही शेजारच्या किराणा दुकानात जाऊन विचारा, "२०१९ ला पाणी कुठवर आलतं?" तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो. तळमजला असेल तर हात कुठं गेला त्यावर ठरवा, दुसरा मजला असेल तरी गाडी कुठं लावणार ते विचारा आणि लाईट किती दिवस गेली होती ते पण. मिरजेत कृष्णाघाटाकडचा भाग सोडला तर गावात एवढी भीती नाही, मी मिरजेत आलो त्याचं निम्मं कारण हेच.

बाकी संध्याकाळ सांगलीची चांगली, गणपती मंदिर, घाट, भडंग, नाटकाचा नाद असेल तर विचारूच नका, विष्णुदास भाव्यांचं गाव आहे शेवटी. मिरज तशी जुनी, रस्ते अरुंद, पार्किंगची बोंब. पण सतारमेकर गल्लीतनं जाताना आतनं तारा जुळवल्याचा आवाज येतो ते मला अजून आवडतं, आणि स्टेशनजवळ उशिरापर्यंत खायला मिळतं.

नवरा-बायको दोघं नोकरीवाले असतील, एक सांगलीत एक मिरजेत, तर विश्रामबाग नाहीतर वानलेसवाडी बघा, भाडं थोडं जास्त पडलं तरी दोघांचं जाणं-येणं निम्म्यावर येतं. आणि कुठंही घ्या, डिपॉझिट द्यायच्या आधी एकदा पावसात जाऊन रूम बघून या.