घाट उतरताना ब्रेक तापू नयेत म्हणून काय करावे

महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरणारी हजार किलोची गाडी १,२०० मीटरहून अधिक खाली येते. या उतारात सुटणारी सगळी ऊर्जा एकट्या ब्रेकने शोषायची म्हटली, तर तेवढ्या उष्णतेत बंबातले पस्तीसएक लिटर पाणी सहज उकळेल. ब्रेकचे काम गतीची उष्णता करण्याचे असल्यामुळे तो तापणारच. त्यातला जमेल तितका भार इंजिनावर टाकणे आपल्या हाती असते.

निघण्यापूर्वी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची पातळी डबीवरील दोन खुणांच्या दरम्यान असल्याची खात्री करावी. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते आणि जुने झाले की कमी तापमानालाच उकळते. द्रव दाबून आकसत नाही, वाफ मात्र आकसते. त्यामुळे नळीत बुडबुडे झाले की पेडल तळाला टेकते आणि चाकांपर्यंत पुरेसा दाब पोहोचत नाही. म्हणून साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलून घ्यावे.

उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकावा. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम. पण आजची इंजिने वरच्या गिअरमध्येही चढ ओढत असल्याने मी एक गिअर आणखी खाली घेतो. ॲक्सिलरेटर सोडूनही वेग वाढतच असेल, तर गिअर अजून वरचा आहे असे समजावे. ऑटोमॅटिक गाडीत मॅन्युअल मोड किंवा ‘एल’ वापरावा.

पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रल करण्याची सवय तर अगदीच चुकीची आहे. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर असताना पाय काढला की इंधनपुरवठा जवळजवळ थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यापुरते इंधन जळतच राहते. इंजिन बंद केल्यास दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकचे पेडल दगडासारखे घट्ट होते आणि पॉवर स्टिअरिंगही जड होते.

ब्रेकवर पाय ठेवून राहू नये. वळणाआधी ठामपणे दाबून वेग उतरवावा व पाय काढावा, म्हणजे मधल्या वेळात डिस्कला वारा लागतो. जळका वास आला किंवा पेडल मऊ लागले, तर गिअर आणखी उतरवून सुरक्षित जागी थांबावे. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये, ती वाकते किंवा तडकते. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांच्या उताराकडील बाजूला दगड लावावेत आणि अर्धा तास तरी थांबावे.