ॲल्युमिनियमची वायर: रोल उघडण्यापासून पिशवीत बांधेपर्यंत

आमच्या नाशिकमधल्या अंबडच्या वेल्डिंग शेडवर नवा मुलगा कामाला लागला की पहिले दोन दिवस मी त्याच्या हातात वेल्डिंगची गन देत नाही, जी वितळून जोड भरते त्या वायरचा रोल देतो. उघड, मशीनवर चढव, वायर गनच्या टिपेपर्यंत आण, परत काढ, पिशवीत बांध. आयटीआय करून आलेली पोरं नाराज होतात. मीही सातपूरच्या आयटीआयमधूनच बाहेर पडलो. लोखंडाचं रॉडने वेल्डिंग येत होतं, सीओटू गॅसवरचं येत होतं, त्यामुळे ॲल्युमिनियम म्हणजे वायर बदलायची आणि सीओटूऐवजी आर्गॉन वायू लावायचा एवढंच वाटायचं. पण लोखंडावर काम करून डोळ्याला जी सवय लागते, तीच इथे घात करते. लोखंड तापलं की लाल होतं, लांबूनच कळतं. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि वितळेपर्यंत त्याचा रंग बदलत नाही. आर्गॉन दिसत नाही, त्याला वासही नाही. म्हणून पोरांना तोंडी सांगतो ते सगळं लिहून काढलं आहे.

आधी खोक्यावरचा नंबर वाचा. आमच्याकडे ४०४३ आणि ५३५६ या दोनच वायरी लागतात. ४०४३ मध्ये साधारण ५ टक्के सिलिकॉन असतं, ती मऊ असते आणि फीडरमध्ये, म्हणजे वायर रोलरने पुढे ढकलणाऱ्या भागात, लवकर गुंतून गोळा होते. ५३५६ मध्ये साधारण ५ टक्के मॅग्नेशियम. ती कडक असल्याने सरळ चालते, पण धूर जास्त करते आणि टाक्याच्या बाजूला काळी पूड बसते. जो भाग कामात सतत ६५ अंशांच्या वर तापणार आहे, त्याला ५३५६ लावू नका. जोड वर्षभर छान दिसेल आणि एक दिवस तडकेल. वायर घेताना दुकानदाराकडून तिचा सुरक्षेचा कागदही मागून घ्या आणि मशीनशेजारी टांगून ठेवा.

आता रोल. ३०० मिलिमीटरच्या रोलमध्ये लोखंडाची वायर १५ किलो येते, ॲल्युमिनियमची जेमतेम ७. हलका म्हणून पोरं तो एका हाताने फळीवरून ओढतात. तसं करू नका. पडला तर वेटोळी एकमेकांखाली जातात आणि पुढचे चार तास फीडर अडकत राहतो.

वायरचं टोक रोलच्या कडेच्या भोकात वाकवून अडकवलेलं असतं. गुंडाळलेल्या वायरमध्ये ताण असतो आणि टोक सुटलं की ती चाबकासारखी उलगडते, ती नेमकी तोंडाच्या उंचीवर. म्हणून आर्क, म्हणजे वेल्डिंगची विजेची ज्योत, नसला तरी साधा पांढरा चष्मा आधी घाला. डाव्या हातातल्या पक्कडीने टोक धरा, उजव्या हाताने निपरने वाकडा तुकडा कापा. कापलेला तुकडाही धरून ठेवा, तो उडतो. धरलेलं टोक कानशीने गोल करा, नाहीतर धारदार टोक टेफ्लॉनच्या लाइनरला, म्हणजे केबलमधल्या वायरच्या नळीला, आतून खरवडतं. आणि वायर रोलरमध्ये पकडली जाईपर्यंत पक्कड सोडायची नाही. फोन वाजू दे, कोणी हाक मारू दे.

वायरला हात लावताना स्वच्छ, कोरडे सुती हातमोजे घाला. घाम आणि तेल वायरला लागलं की जोडात बारीक छिद्रं पडतात. चामड्याचे वेल्डिंगचे मोजे या कामाला नकोत, त्यांना आधीच ग्रीस लागलेलं असतं. पण रोलर फिरायला लागले की मोज्यातला हात तिथून लांब. मोज्याचं टोक रोलरने ओढलं की बोट मागोमाग जातं.

वायर गनमध्ये सरकवताना पुढची टिप काढून ठेवा, केबल सरळ पसरा आणि गनचं तोंड जमिनीकडे ठेवा. वायर आली का हे बघायला नोझलमध्ये डोकावायचं नाही, तोंडापुढे तळहात धरायचा नाही. माझ्या उजव्या तळहातावर अंगठ्याखाली एक बारीक पांढरी खूण आहे. १.२ मिलिमीटरची वायर मोज्यातून आत गेली होती. फार रक्त आलं नाही, म्हणून मी फडकं बांधून काम चालू ठेवलं. तिसऱ्या दिवशी हात मनगटापर्यंत सुजला. अशी जखम वरून टिंबाएवढी दिसते आणि आत खोल असते. धुवा, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते सांगा.

आणखी एक गोष्ट पोरांना पटतच नाही. गनचं बटण दाबलं की फक्त टिपेतली वायर नाही, मागे रोलपर्यंतची सगळी वायर आणि रोलर करंटमध्ये असतात. फीडरचं झाकण उघडं ठेवून बटण दाबलं आणि वेटोळं मशीनच्या पत्र्याला लागलं तर आर्क तिथेच पडतो. वायर सरकवायला मशीनवर वेगळं बटण असतं, ते वापरा. वायर गोळा झाली तर आधी मशीन बंद, मग झाकण. पावसाळ्यात हे दुप्पट पाळा. जून ते सप्टेंबर आमच्याकडे शेडच्या कोपऱ्यात ओल येते, त्यामुळे मशीनपुढे कोरडी लाकडी फळी टाकतो आणि ओले मोजे चालवून घेत नाही.

ओल वायरलाही बाधते. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा उतरला की इथेही सकाळी पत्रा गार पडतो. गार खोलीतला रोल गरम शेडमध्ये आणून लगेच फोडला तर वायरवर दव धरतं. त्यातला हायड्रोजन जोडात अडकून छिद्रं करतो. रोल आदल्या संध्याकाळी पिशवीसकट शेडमध्ये आणून ठेवा, सकाळी फोडा. शिडीची पायरी जोडून देता तेव्हा या छिद्रांवर कोणाचा तरी पाय पडणार असतो.

जॉब, म्हणजे जोडायचा भाग, साफ करताना क्रम सांभाळा. आधी तेल पुसायचं, मग ॲल्युमिनियमसाठी वेगळ्या ठेवलेल्या स्टेनलेसच्या ब्रशने घासायचं. उलटं केलं तर ब्रश तेलच आत घासतो. तेल पुसायला ॲसिटोन चालतं, पण ते पेट घेतं. म्हणून पुसून झालं की डबा आणि फडकं दोन्ही शेडबाहेर, जॉब पूर्ण वाळू द्यायचा, मगच आर्क. ट्रायक्लोरोइथिलीनसारखं क्लोरीन असलेलं सॉल्व्हंट मात्र वेल्डिंगच्या आसपासही नको. काही ब्रेक क्लीनरमध्येही ते असतं, डब्यावर वाचा. त्याच्या वाफेवर आर्कचा प्रकाश पडला की फॉस्जीन तयार होतो, पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरलेला वायू. त्याचा त्रास काही तासांनी सुरू होतो. माणूस घरी जाऊन जेवतो, झोपतो, आणि रात्री छातीत पाणी भरतं.

नाशिककरांसाठी वेगळं सांगायला हवं ते फवारणीच्या पंपांबद्दल. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली की दिंडोरी, पिंपळगावकडून एचटीपी, म्हणजे जास्त दाबाने फवारणाऱ्या, पंपांच्या फुटलेल्या ॲल्युमिनियम बॉड्या येतात. फवारणी थांबलेली असते, शेतकरी घाईत असतो, आणि "पटकन दोन टाके मार भाऊ" म्हणतो. त्या बॉडीच्या खाचांत गंधक आणि औषधांचा थर बसलेला असतो. एकदा मी वरून पुसून टाका मारला. कडेचा पिवळा थर निळसर ज्योतीने पेटला आणि घसा असा धरला की बाहेर जाऊन कठड्याला टेकून उभं राहावं लागलं. गंधक जळून सल्फर डायऑक्साइड झाला होता, आणि सोबत कोणतं कीटकनाशक जळलं ते मला आजही माहीत नाही. तेव्हापासून पंप खोलून, तेल काढून, बाहेरच्या नळावर साबणाने घासून, उन्हात वाळवल्याशिवाय टेबलावर येत नाही. सगळी बूचं काढलेली पाहिजेत. बंद पोकळीत थेंबभर पाणी किंवा तेल राहिलं तरी त्याची वाफ होऊन वितळलेला धातू तोंडावर उडतो. डिझेल-पेट्रोलच्या टाक्या आम्ही घेतच नाही.

ॲल्युमिनियमचा चमकता पत्रा आर्कचा प्रकाश वर फेकतो, त्यामुळे हेल्मेट असूनही हनुवटीखाली आणि मानेवर कातडी भाजते. कॉलरचं वरचं बटण लावा. पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट घाला, खेळाचे चकचकीत टी-शर्ट नकोत, ते वितळून अंगाला चिकटतात. काच ११ ते १३ नंबरची, करंटप्रमाणे. डोळ्यांना आर्क लागला तर सहा ते बारा तासांनी, म्हणजे बहुतेक रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. बटाट्याच्या चकत्या, दूध, गुलाबपाणी यातलं काही डोळ्यात घालू नका. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. बधिर करणारे थेंब मित्राकडून आणून टाकत राहिलात तर बुबुळावरची जखम भरत नाही.

आर्गॉन हवेपेक्षा जड आहे. टाकीत, खड्ड्यात, ट्रकच्या बंद बॉडीत तो खाली साचतो आणि ऑक्सिजन हटवतो. दम लागत नाही, गुदमरल्यासारखंही वाटत नाही, माणूस सरळ बेशुद्ध पडतो. त्याला काढायला आत उडी मारणारा दुसराही पडतो. अशा जागेत एकट्याने काम करू नका, आत हवा सोडणारा पंखा चालू ठेवा, आणि जेवायला जाताना गन आत ठेवून जाऊ नका, गळका व्हॉल्व्ह तासाभरात जागा भरून टाकतो. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने वेल्डिंगचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकला. त्यामुळे धूर तोंडापाशी येण्याआधी बाजूने ओढणारा एक्झॉस्ट हवा. समोरून पंखा मारला तर आर्गॉन उडतो आणि जोडही जातो. रुमाल बांधून काही अडत नाही. एन ९५ सारखा मास्क धुराचे कण अडवतो, पण ॲल्युमिनियमच्या आर्कमध्ये तयार होणारा ओझोन वायू अडवत नाही. नाकाला झोंबणारा उग्र वास आला तर काम थांबवून आधी हवा मोकळी करा.

तापलेल्या जॉबचं सुरुवातीला म्हटलंच आहे. माझ्याकडचा एक मुलगा शेजारच्या टेबलावरची पट्टी बाजूला ठेवायला गेला. पांढरी, चकचकीत, थंड दिसणारी. चार बोटं भाजली. आम्ही हात नळाखाली वीस मिनिटं धरला, अंगठी लगेच काढली, सूज येण्याआधी. कोणीतरी टूथपेस्ट आणली होती, लावू दिली नाही. त्या दिवसापासून आर्क बंद झाला की जॉबवर खडूने "गरम" आणि वेळ लिहायची. उचलण्याआधी हाताची उलटी बाजू वीतभर अंतरावर धरून बघायचं. टिग वेल्डिंगमध्ये हातात धरून जोडात वितळवायच्या फिलर रॉडचं टोकही तितकंच गरम असतं, ते खिशात घालू नका.

घासकामाला ॲल्युमिनियमचा ग्राइंडर वेगळा ठेवा. साध्या दगडात ॲल्युमिनियम भरतं, दगड तापतो आणि फुटू शकतो. ॲल्युमिनियमची बारीक पूड पेट घेते. लोखंडाच्या गंजाच्या पुडीत मिसळली आणि ठिणगी पडली तर इतकी तापते की लोखंड वितळतं. ती रोज सुकीच गोळा करा, कॉम्प्रेसरने उडवू नका, ओली करून डब्यात बंद करू नका, त्यातून हायड्रोजन निघतो. पुडीला आग लागली तर पाणी नाही, सीओटूचा सिलिंडरही नाही. कोरड्या वाळूची बादली भरून ठेवा आणि वाळू हळूच वरून पसरा.

संध्याकाळी आर्गॉनचा मुख्य व्हॉल्व्ह बंद, सिलिंडरची साखळी लावलेली. मग रोलरचा दाब सैल करून वायर मागे गुंडाळा, पक्कडीने टोक धरून. रोल सिलिका जेलच्या पुड्यांसकट पिशवीत, पिशवीचं तोंड घट्ट, वर मार्करने वायरचा नंबर आणि उघडल्याची तारीख. खाली पडलेले वायरचे तुकडे चुंबकाला लागत नाहीत, ते झाडूनच काढावे लागतात. पिशवी फळीवर ठेवण्याआधी टोक भोकात नीट अडकलंय का, हे मी स्वतः दाबून बघतो, मग दिवा बंद करतो.