६७ ची मस्टँग उघडण्याआधी

१९६७-६८ च्या फोर्ड मस्टँगमध्ये टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ असतो. त्यामुळे इंधनाचं काम (कार्ब्युरेटरच्या जागी इंजेक्शन बसवणं) आणि गंजलेल्या पत्र्याचं काम वेगळं करता येत नाही. टाकी उतरवली की दोन्ही सुरू होतात. आधी बॅटरीची तार काढा, पेट्रोल मोकळ्या हवेत झाकणाच्या कॅनमध्ये काढा आणि टाकी गॅरेजबाहेर न्या. रिकाम्या टाकीत वाफ उरते आणि भडका तिचाच उडतो, म्हणून जुन्या टाकीला वेल्डिंग करू नका. नवी मिळते, तीच घ्या.

टाकी बाहेर आहे तोवर पत्रा उरका. सगळ्यात आधी काउल, म्हणजे पुढच्या काचेच्या खालची जाळी. तिच्यात पाणी ओता आणि डॅशबोर्डखाली टॉर्च मारून बघा. इथला गंज वरून दिसत नाही, पाणी मात्र थेट पायाशी उतरतं आणि फ्लोअर खातं. काउल गळत असताना नवा फ्लोअर टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. या गाडीला वेगळी चासी नाही, म्हणून फ्लोअर कापण्याआधी दारांच्या चौकटीत टेके वेल्ड करा, नाहीतर दारं परत जागेवर बसत नाहीत.

फेंडर, म्हणजे पुढच्या चाकांवरचा बाहेरचा पत्रा, मागवताना साल नक्की सांगा: ६८ च्या फेंडरला बाजूच्या दिव्याची जागा असते, ६७ च्या फेंडरला नसते. रंगाआधी ते नुसत्या बोल्टवर बसवा आणि गाडी चाकांवर उभी असताना फटी जुळवा. बॉनेटखालचा डाव्या बाजूचा एप्रन, म्हणजे फेंडरच्या आतला पत्रा, बदलायचा असेल तर मात्र थांबा. गाडीचा व्हीआयएन, म्हणजे ओळख क्रमांक, त्याच्यावरच ठोकलेला असतो. तो तुकडा गेला तर गाडीची ओळख गेली, शिवाय कायद्याचं प्रकरण मागे लागतं. आपल्या राज्याचा नियम आधी विचारा.

आता इंधन. मूळ यांत्रिक पंप कार्ब्युरेटरला (हवेत पेट्रोल मिसळणारा जुना भाग) साधारण ५-६ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब देतो. त्याच्या जागी बसणाऱ्या, पेट्रोल दाबाने फवारणाऱ्या थ्रॉटल बॉडी इंजेक्शनच्या किटला ५८ च्या आसपास लागतो. म्हणजे जुना रबरी पाइप एकही ठेवायचा नाही. इंजेक्शनच्या दाबाचा आणि इथेनॉल सोसणारा होज घ्या. पंप टाकीच्या आतला बरा: पेट्रोलमध्ये थंड राहतो, कुरकुरही कमी. जास्तीचं पेट्रोल परत आणणारी लाइन टाकीतच सोडा. पाइप एक्झॉस्टपासून दूर वळवा आणि गाडीच्या पोटाला कोटिंग करण्याआधी त्यांची जागा ठरवा. पंपाला रिले (विजेवर चालणारा स्विच) आणि फ्यूज हवाच. गाडीची वीज तयार करणारा जुना अल्टरनेटर पुरेल का, तेही तपासा. धडक बसताच पंप बंद करणारा इनर्शिया स्विच मी ऐच्छिक मानत नाही. मागच्या सीटमागे पोलादी पत्राही लावा, कारण तिथे तुमची मुलं बसणार आहेत.

पहिल्यांदा दोन-तीन गॅलनच भरा. अग्निशामक हाताशी ठेवा, चावी फिरवून फक्त पंप चालवा आणि प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवा. एक जरी ओला निघाला तर इंजिन सुरू करू नका.