जुन्या ‘कब’ ट्रॅक्टरला गवत कापायचा डेक निवडताना

पहिला डेक, म्हणजे ट्रॅक्टरला टांगायचा पात्यांचा पत्र्याचा साचा, घेताना मी विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारला होता: रुंदी किती? त्याने 42 इंच सांगितली, मी पैसे मोजले, दोघांनी मिळून डेक पिकअपमध्ये चढवला. घरी आल्यावर कळलं की त्याच्या पट्ट्या आणि टांगण्या लो-बॉय नावाच्या बुटक्या कबच्या होत्या आणि माझा ट्रॅक्टर साधा, उंच कब. तो डेक दोन वर्षं गोठ्याच्या भिंतीला टेकून होता. शेवटी त्याची पाती आणि स्पिंडल (ज्यावर पातं फिरतं तो दांडीचा भाग) काढून घेतले आणि पत्रा भंगारात गेला.

अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये दोन-चार एकरांचं घर घेतलं की बरेचदा गोठ्यात एखादा जुना लाल ट्रॅक्टर आयताच मिळतो. बहुधा तो फारमॉल कब असतो. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने तो केंटकी राज्यातल्या लुईव्हिलच्या कारखान्यात 1947 पासून बनवला आणि 1979 पर्यंत थोड्याफार बदलांनी बनवत राहिली. दोन लाखांहून जास्त निघाले, त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात. (याच कंपनीशी भागीदारी करून 1963 मध्ये महिंद्राने ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली. गावाकडे ज्यांनी बी-275 हाकला आहे, त्यांना कब चुलत भावासारखा वाटेल.) पुढचं सगळं कब समोर ठेवून लिहिलं आहे. ट्रॅक्टर दुसरा असला तरी प्रश्न हेच विचारायचे, आकडे मात्र त्याचे बघायचे.

1. आधी ट्रॅक्टर ओळखा

कबचं इंजिन चार सिलिंडरचं, जेमतेम एक लिटरचं. ताकद जुन्या गाड्यांत दहा अश्वशक्तीच्या आसपास. एवढ्या ताकदीवर पाच फुटी डेक नेहमी कापलेलं लॉन आरामात कापतो. गुडघाभर ओलं गवत आलं की इंजिन धापा टाकतं. तुमचं गवत दुसऱ्या जातीचं असेल, म्हणजे महिन्यातून एकदा कापायचं माळरान, तर डेकच्या नादाला लागू नका. त्यासाठी कबला बाजूने लावायचं कात्रीसारखं पात्यांचं यंत्र होतं, कब-22 नावाचं. ते उंच गवत आडवं पाडतं आणि ताकदही कमी मागतं.

मग तुमचा कब उंच आहे की 1955 पासून आलेला लो-बॉय, हे पक्कं करा. दोघांच्या जोडण्या वेगळ्या. शिवाय 1961 पासूनचे कब कॅडेट हे नाव सारखं असलं तरी वेगळंच प्रकरण आहे. ते लहान बागकामाचे ट्रॅक्टर, त्यांचा डेक कबला लागत नाही. जाहिरातीत लोक सर्रास ‘कबचा डेक’ असं लिहितात. फोटो मागवा.

2. पीटीओ कसा फिरतो ते पाहा

पीटीओ म्हणजे इंजिनचा जोर अवजाराला पोचवणारी ट्रॅक्टरची फिरती दांडी. इथे थोडं थांबावं लागेल, कारण सगळ्यात महागड्या चुका इथेच होतात.

आजच्या बहुतेक अवजारांना मिनिटाला 540 फेरे देणारा, मागून पाहिल्यावर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरणारा पीटीओ लागतो. कबचा पीटीओ इंजिनच्याच वेगाने फिरतो आणि फिरतो उलट दिशेने. म्हणजे दुकानातला नवा मागे ओढायचा मोअर कबला थेट जोडला तर तो तिपटीने जोरात आणि उलटा फिरेल. वेग कमी करून दिशा उलटवणारी गिअरपेटी मिळते, पण तिचा खर्च धरला तर कबसाठीच बनवलेला पोटाखालचा डेक स्वस्त पडतो. माझं मत स्पष्ट आहे: कबला पोटाखालचा डेकच शोभतो. बसल्या जागेवरून दिसतो आणि मागच्या चाकांच्या पुढे असल्यामुळे जमिनीचे चढउतार नीट पकडतो.

अशा डेकांत सगळ्यात जास्त दिसणारे म्हणजे इलिनॉयच्या ओरेगन गावातल्या वूड्स कंपनीचे. त्यातला 59 इंचांचा तीन पात्यांचा नमुना कबच्या मालकांत फार प्रिय. मागच्या पीटीओवर एक मोठी पुली बसते आणि लांबलचक पट्टा तिथून पुढे येऊन डेक फिरवतो.

आता वेग. सुरुवातीच्या कबचं इंजिन पूर्ण थ्रॉटलवर 1600 फेऱ्यांना बांधलेलं होतं. पुढच्या काळात ते वाढत 2000 पर्यंत गेलं. पीटीओ इंजिनच्या वेगाने फिरतो म्हटल्यावर पुलीचा आकार ट्रॅक्टरच्या सालाप्रमाणे बदलायला हवा. पण जुन्या बाजारात पुली कुठून कुठे फिरते याचा हिशोब कुणी ठेवत नाही.

हिशोब सोपा आहे. पीटीओवरची पुली समजा 8 इंचांची आणि स्पिंडलवरची 4 इंचांची, तर पाती दुप्पट वेगाने फिरतात: 1600 चे 3200. आता पात्याची लांबी फुटांत घ्या, 3.14 ने गुणा, फेऱ्यांनी गुणा. 21 इंचांचं पातं म्हणजे 1.75 फूट, तेव्हा टोकाचा वेग मिनिटाला सुमारे 17,600 फूट. लॉनमोअरसाठीच्या अमेरिकी मानकात ही मर्यादा 19,000 फूट आहे, म्हणजे आपण आत आहोत. तीच पुली 2000 फेऱ्यांच्या कबवर चढवा: पाती 4000 वर आणि टोकाचा वेग 22,000 च्या घरात. त्या वेगाने उडालेला दगड किंवा निसटलेला पात्याचा तुकडा कुठे जाईल, सांगता येत नाही. उलट वेग फार कमी झाला तर गवत कापलं न जाता चिंबतं आणि दोन दिवसांनी टोकं पिवळी पडतात.

इंजिनचा वेग कानाने ओळखू नका. पुलीवर चमकती चिकटपट्टी लावून लेझरवाल्या टॅकोमीटरने मोजा. जुना गव्हर्नर, म्हणजे इंजिनचा वेग बांधून ठेवणारा भाग, किती खरं बोलतो हेही त्यात कळतं.

3. रुंदी चाकांवरून ठरवा

कबच्या मागच्या चाकांमधलं अंतर 40 ते 56 इंचांपर्यंत बदलता येतं. हे अंतर टायरच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं. टायर साधारण आठ इंच रुंद धरला तर 48 वर लावलेल्या चाकांची बाहेरून रुंदी 56 इंच होते. 59 इंची डेक ती झाकून वर दीड-दीड इंच बाहेर येतो, त्यामुळे झाडाच्या बुंध्याजवळून, कुंपणाच्या कडेने कापता येतं. 42 इंची डेक मात्र चाकं अगदी आत घेतली, 40 वर आणली, तरी टायरच्या आतच राहतो. कडेचं गवत आधी चाकाखाली दबतं आणि मग कुणीच ते कापत नाही.

आणि चाकं आत घेण्यात एक धोका आहे. कब उंच आणि अरुंद. उतारावर चाकं जितकी बाहेर, तितका तो पक्का. लहान डेक घेऊन चाकं आत ओढणं म्हणजे लॉन सुंदर दिसावं म्हणून ट्रॅक्टर उलटण्याची सोय करणं. जुन्या कबवर उलटल्यावर वाचवणारा लोखंडी सांगाडा नसतो. पंधरा अंशांहून जास्त उतार, म्हणजे दहा फुटांत पावणेतीन फुटांचा चढ, तिथे कब नेऊच नका. तेवढं हाताने ढकलायच्या मशीनने कापा.

लहान डेकची बाजू एवढीच: फाटक चार फुटांचं असेल तर 59 इंचांचा डेक आत जाणारच नाही. आधी फाटक मोजा. वेळेचं म्हणाल तर दुसऱ्या गिअरमध्ये ताशी तीन मैलांनी, ओळींची थोडी ओव्हरलॅप आणि वळणं धरून 59 इंची डेकने तासाला सव्वा एकराच्या आसपास होतं. 42 इंचीने जेमतेम पाऊण ते एक.

4. पाहायला जाताना

सोबत टॉर्च, लहान हातोडी आणि मोजपट्टी न्या. विकणाऱ्याला आधीच सांगा की डेक उलटा किंवा उभा करून दाखवावा लागेल. नाही म्हणाला तर घरीच थांबा.

रंग नवा असेल तर मला आधी संशय येतो. पत्र्याला वरून, विशेषतः पट्ट्याच्या आवरणाखाली आणि स्पिंडलच्या भोवती, हातोडीने ठोकत जा. तिथे ओलं गवत वर्षानुवर्षं साचून राहतं. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आला तर पत्रा आतून गेलाय. कडेला एखादं भोक असेल तर वेल्डिंगने भागतं, पण स्पिंडलच्या बुडाशी पत्रा पातळ झाला असेल तर सोडून द्या.

मग प्रत्येक पात्याचं टोक धरून वरखाली हलवा. खडखड जाणवली तर बेअरिंग गेलं. बेअरिंग बदलणं मोठं काम नाही. स्पिंडलची दांडी वाकलेली असणं हे मोठं काम. पातं सावकाश फिरवा आणि टोक पत्र्याच्या एका खुणेपासून किती अंतरावर येतं ते बघत राहा. मग पातं सोडून दांडीच पाहा, म्हणजे वाकलंय काय ते कळेल. पुलीच्या खोबणीचा तळ चकचकीत दिसला तर पट्टा तळाला टेकून घसरत होता. पट्टा बाजूंनी पकडायला हवा, तळाने नाही.

यानंतरचं सगळ्यात महत्त्वाचं, आणि मी चुकलो ते इथेच. जोडण्या मोजा. पुढची टांगणी, मागची टांगणी, उचलायचा दांडा किंवा साखळी, पीटीओची पुली, पट्टा वळवणाऱ्या मोकळ्या पुल्या, आवरणं. हे सगळं विकणाऱ्याने जमिनीवर मांडून दाखवावं. ‘तो एक भाग कुठेतरी आहे, सापडला की कळवतो’ या वाक्यावर पैसे देऊ नका. पाती, पट्टा, बेअरिंग बाजारात मिळतात. टांगण्या मात्र दुसरा डेक मोडल्याशिवाय मिळत नाहीत. पत्रा थोडा खराब पण जोडण्या पूर्ण असलेला डेक मी केव्हाही घेईन. चकाचक पत्रा आणि अर्ध्या जोडण्या असलेला फुकट दिला तरी विचार करीन.

5. क्लच आणि थांबणं

कबचा पीटीओ गिअरपेटीतून चालतो. क्लच दाबला की इंजिनचा जोर तुटतो, पण फिरणारी जड पाती तोच जोर उलटा गिअरपेटीत पाठवतात आणि ट्रॅक्टर पुढे ढकलत राहतात. पट्ट्यावरच्या डेकमध्ये हा धक्का कमी असतो, पण असतो. दांडीने चालणारा मागचा मोअर लावणार असाल तर एका दिशेनेच जोर जाऊ देणारा ओव्हररनिंग कपलर बसवल्याशिवाय चालू करू नका. 1947 ते 1952 च्या फोर्ड 8एन ट्रॅक्टरवर तर तो हवाच, आणि त्याच्या सव्वा इंचाहून बारीक दांडीला आजच्या मापाचा अडॅप्टरही लागतो.

आणखी एक. आजच्या मशीनवर माणूस सीटवरून उठला की पाती थांबतात. कबला ती अक्कल नाही. पोरंबाळं, कुत्रा, पाहुणे, सगळ्यांना घरात पाठवूनच चालू करायचं.

6. बसवल्यावर

स्पार्क प्लगची वायर काढून ठेवा. डेक लाकडी ठोकळ्यांवर टेकवा, नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर खाली हात घालू नका. टायरमधली हवा दोन्ही बाजूंना सारखी करा, नाहीतर डेक तिरका लावून बसाल. पात्याचं पुढचं टोक मागच्यापेक्षा तीन ते सहा मिलिमीटर खाली ठेवा. पाती नवी आणली असतील तर धार कोणत्या दिशेला आहे ते पट्टा हाताने फिरवून ताडा.

पहिल्यांदा अर्ध्या थ्रॉटलवर, जागेवरच पाच मिनिटं चालवा. इंजिन बंद करा, पाती पूर्ण थांबू द्या आणि प्रत्येक स्पिंडलच्या बेअरिंगच्या घराला हात लावा. कोमट लागलं तर गवतात जा. हात ठेववत नसेल तर ग्रीसगन आणा, आणि तरीही तापलं तर त्याच संध्याकाळी ते बेअरिंग काढा.