आई-बाबांना ‘अंडरटेल’ कसा दाखवावा

पहिली गोष्ट, समजावून सांगू नका. “आई, या गेममध्ये नैतिक निवड असते,” असं मी म्हणालो तेव्हा आईने मेथीवरून नजरही उचलली नाही. “मीही निवडतेच आहे,” म्हणाली. बाबांना ‘नरो वा कुंजरो वा’चा दाखला दिला. “मग महाभारतच वाच की,” म्हणून त्यांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला.

गेम घ्या अंडरटेल. टोबी फॉक्सने जवळजवळ एकट्याने केलेला, २०१५चा, जुन्या लॅपटॉपवरही चालणारा. नेटवर जो तो ‘विचर ३’ सुचवतो. त्यावर युरोपात १८ वर्षांचा शिक्का आहे. तो का आहे हे आईशेजारी बसून बघायची हौस असेल तर खुशाल दाखवा.

वेळ शनिवार दुपारची, जेवणानंतर. नुकत्याच विरार लोकलमधून उतरलेल्या माणसापुढे लॅपटॉप उघडू नका.

संवाद इंग्रजीत आहेत. घरच्या मराठीत वाचून दाखवा. शत्रूचा मारा चुकवायचा तुम्ही, काय करायचं ते ठरवायचं त्यांनी.

आता टोरिएल. खरी गोम इथेच आहे.

शेळीच्या तोंडाची, जांभळ्या झग्यातली ही बाई हरवलेल्या मुलाला, म्हणजे खेळणाऱ्यालाच, हाताला धरून काट्यांवरून पलीकडे नेते, फोन करकरून दालचिनी आवडते का विचारते, झोपलेल्या पोराजवळ ‘पाय’ या गोड पदार्थाचा तुकडा ठेवून जाते. आयांना ती लगेच आवडते. मग मूल घरी जायचं म्हणतं आणि ती दार अडवून उभी राहते. बाहेर जगण्याइतकी ताकद आहे हे सिद्ध कर, म्हणते.

तोवर गेमने शिकवलेलं असतं की राक्षसाशी बोला किंवा त्याला जरा मारून नरम करा, मग सोडून द्या. इथे बोलून उपयोग होत नाही. म्हणून माणूस थोडं थोडं मारत जातो, आणि ती अशक्त झाली की एकाच घावात अचानक जाते. वाचवायचं तर एकच उपाय. काहीच होत नाही असं वाटलं तरी ‘मर्सी’ (दया) या बटणामधलं ‘स्पेअर’ (सोडून दे) दाबत राहायचं. तुम्ही मरायला टेकलात की तिचे आगीचे गोळे तुम्हाला टाळून जायला लागतात, तेवढं मात्र त्यांना दिसेल असं खेळा.

आणि गप्प बसा. मला हेच जमलं नव्हतं. “बाबा, मारू नका, मर्सी दाबा,” असं मी सांगितलं. त्यांनी दाबलं, टोरिएल वाचली. “सोपं आहे की,” म्हणाले आणि उठले. त्यांच्या हाती काही लागलं नाही.

आईच्या वेळी मी ओठ दाबून बसलो. तिच्या हातून टोरिएल मेली. आई काही न बोलता चहा टाकायला गेली. दुसऱ्या दिवशी तिनेच विचारलं, “ते परत नाही का करता येत?” येतं, पण तिथून पुढे सेव्ह केलेलं नसेल तरच, म्हणून त्या दारापलीकडे सेव्ह करू देऊ नका. आईने या खेपेला टोरिएलला वाचवलं. दाराबाहेर मात्र गेमच्या सुरुवातीलाच भेटलेलं बोलणारं फूल, फ्लॉवी, वाट बघत होतं. तू आधी काय केलंस ते मला ठाऊक आहे, तिला मारलंस आणि वाईट वाटलं म्हणून मागे आलीस, असं ते सरळ तोंडावर बोललं. आई हबकली. “याला कुणी सांगितलं? तू?” त्यानंतर तासभर आम्ही यावरच बोललो. मी एकही दाखला दिला नाही.

पुढचे मारे अवघड होत जातात, ते चुकवायला शेजारी बसा. बाकी त्यांचं ते ठरवतील.

एक राहिलंच. अंडरटेलमध्ये सेव्ह एकच असतो. तुमचा आधीचा खेळ असेल तर विंडोजच्या ‘अॅपडेटा’ या लपलेल्या फोल्डरमधला अंडरटेल फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवा, नाहीतर गेम नव्या माणसालाही जुना समजतो. शेजारच्या काकूंच्या वेळी मी विसरलो. पहिल्याच भेटीत फुलाने त्यांना विचारलं, तुला दुसरं काही काम नाही का? काकू म्हणाल्या, “मेल्याने माझंच वाक्य चोरलंय.”